मावशीने चढवलेला पियानो

टिणटिण मावशीला तिच्या गावात कुणी खऱ्या नावाने हाक मारल्याचं कुणालाच आठवत नाही. पियानो आणि पेट्या सुरात लावणं हा तिचा धंदा, आणि तो तिने चौतीस वर्षं केला. लोकांच्या घरात शिरायचं, पियानोचं पोट उघडायचं आणि एकच सूर टिण, टिण, टिण असा शंभर वेळा वाजवत, किल्लीने खुंटी पिळून तार ओढत राहायचं. घरची माणसं पहिली दहा मिनिटं कौतुकाने बघायची, विसाव्या मिनिटाला मधलं दार लावून घ्यायची आणि तासाभराने डोकं धरून बसायची. मावशीला त्याचं काही नसे. सूर म्हणजे सूर, त्यात भीड कसली? कुठे बेसूर वाजलं की तिचं तोंड आंबट चिंच चावल्यासारखं व्हायचं. लग्नकार्यात, शाळेच्या कार्यक्रमात, कुठेही. लोक तिला आमंत्रण द्यायला घाबरत, ते उगीच नाही.

मग विजेवर चालणारे पियानो आले. त्यांना ना तार, ना खुंटी. बिघडले की फेकून द्यायचे. मावशीचं काम हळूहळू बसलं आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी ती घरात नुसती बसून राहिली. हातात किल्ली नाही, समोर पियानो नाही. थोरल्या बहिणीच्या घरी राहायची, म्हणून बहिणीच्या फोडणीत, बहिणीच्या इस्त्रीत, बहिणीच्या फोनवरच्या आवाजात चुका काढायची.

अशात तिला एका संस्थेचं पत्रक मिळालं. परदेशात एका वस्तीत संगीताची शाळा आहे, ती वाढवायची आहे, तीन महिने येऊन राहतील असे स्वयंसेवक हवेत. मावशीने त्याच दिवशी अर्ज भरला.

“तुला इथे शेजारी सहन करत नाहीत,” ताई म्हणाली, “तिथे परके काय करणार?”

“तिथे माझी गरज आहे,” मावशी म्हणाली. खरं सांगायचं तर, कुणाला तरी आपली गरज असावी, एवढंच तिला हवं होतं. पण हे ताईला कोण सांगणार!

तर मावशी गेली. अवजारांची पेटी एवढी जड की विमानतळावर तिला कपड्यांची अर्धी बॅग ताईकडे परत द्यावी लागली.

शाळा म्हणजे एक खोली. आधी तिथे सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, फरशीवरचे तेलाचे डाग अजून गेले नव्हते. शटर वर केलं की शाळा सुरू, खाली ओढलं की बंद. साठ मुलं तीन पाळ्यांत यायची आणि आणखी नव्वद नावं शटरच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर जागेची वाट बघत होती. शाळा चालवायची अक्का. दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स, पासष्टीची, बारीक, कमी बोलणारी. पियानो तीच वाजवायची. बाकीची वाद्यं तिच्या धाकट्या भावाने केलेली. तो वेल्डर. मागच्या गल्लीत त्याचं वर्कशॉप होतं. लाकडी बाकावर लोखंडाची लहान-मोठी पंधरा पाती ओळीने बसवायची, वर लाकडी हातोडीने ठोकायचं. अशी सहा बाकं त्याने अकरा वर्षांत केली होती. एकेक पातं कानशीने घासत, अक्काच्या पियानोशी ताडून बघत, परत घासत. मुलं त्याला बाकडं वाजवणं म्हणायची.

शाळेच्या भिंतीला लागून नगरपालिकेची दुसरी एक खोली होती. कुलूपबंद. ती मिळाली की कागदावरची नव्वदच्या नव्वद मुलं आत येणार होती. पालिकेने मोठ्या मिनतवारीने कबूल केलं होतं की दहाव्या आठवड्यात वार्षिक कार्यक्रम ऐकायला समितीची माणसं येतील. पसंत पडला तर खोली शाळेची. नाहीतर तिथे पालिकेच्या मोडक्या खुर्च्या ठेवायच्या. अक्काने अकरा वर्षांत याआधी तीनदा अर्ज केला होता. या वेळी नाही मिळाली तर परत कुणी ऐकायला यायचं नाही, हे तिला माहीत होतं आणि पहिल्याच दिवशी तिने ते मावशीला सांगितलं.

मावशीने पहिल्याच दिवशी पियानोचं झाकण उघडलं, एक सूर वाजवला आणि तिचं तोंड वाकडं झालं. मग तिने आपला नादकाटा काढला. ठोकला की एकच ठरलेला सूर देणारा हा दोन पायांचा लोखंडी काटा, चौतीस वर्षं तिच्या खिशात राहिलेला. तो गुडघ्यावर ठोकून कानाला लावला आणि ती ओरडलीच.

“अहो अक्का, हा पियानो जवळजवळ अर्ध्या सुराने उतरलाय!”

“हो का?” अक्का म्हणाली.

“हो का काय? अकरा वर्षं मुलांना चुकीचा सूर ऐकवलात! मी याला वर आणते, जिथे असायला हवा तिथे. वेळ लागेल, तारा तुटतील, पण आणते. चालेल ना?”

“छान,” अक्का हसून म्हणाली.

आता हे ‘छान’ लक्षात ठेवा, कारण पुढे या शब्दाने मावशीच्या डोक्याचा पार भुगा केला. भाषेची अडचण म्हणाल तर नव्हती, बोलणं कळायचं. पण तिथे कशालाही उत्तर एकच. पियानो खिडकीपासून हलवू का? छान. मुलांनी चपला बाहेर काढाव्यात. छान. मी काम करताना खोलीत पूर्ण शांतता हवी, बाकडी मागे वर्कशॉपमध्ये न्या, तालीम तिकडेच करा. छान. एकदा मावशीने मुद्दाम म्हणून बघितलं, “अक्का, छताला निळा रंग द्यावा म्हणते.” अक्का छताकडे बघून म्हणाली, “छान.” मावशीने कपाळाला हात लावला.

बहिणीला फोन केला. “ताई, इथली माणसं गोड आहेत गं, पण भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. हो नाही, नाही नाही, नुसतं छान.”

“मग तुझ्यासाठी स्वर्गच की,” ताई म्हणाली. “तुला तेच तर हवं असतं.”

मावशीने फोन ठेवून दिला.

नऊ आठवडे ती त्या पियानोशी झुंजली. जुना पियानो एकदम वर ओढता येत नाही. थोडा चढवायचा, दोन-चार दिवस थांबायचं, तो परत बसतो, मग परत चढवायचा. अकरा तारा तुटल्या. एक तर गालाला चाटून गेली, वण राहिला. खुंट्या सैल होत्या, त्यांना कागदाचे तुकडे लावले. किल्ली पिळून पिळून मनगट सुजलं. संस्थेची तरुण बाई दर आठवड्याला येऊन तिचा फोटो काढायची आणि म्हणायची, “हसा ना मावशी.” मावशी म्हणायची, “तार तुटल्यावर कोण हसतं?”

मुलं दारातून डोकवायची. मावशीला मुलांची आवड नव्हती असं नाही, पण ती त्यांनाही तपासायची. गा बघू, म्हणायची. मूल गाऊ लागायचं आणि चढवलेल्या पियानोशी जुळलं नाही की मावशीचं तोंड चिंचेसारखं. मुलं हुशार असतात. पंधरा दिवसांत त्यांना कळलं की सूर बरोबर आहे की नाही हे मावशीच्या तोंडावर दिसतं. कान लावण्यापेक्षा ते सोपं.

नवव्या आठवड्याच्या शेवटी पियानो लागला. काय लागला म्हणता! प्रत्येक तार नादकाट्याशी तंतोतंत. मावशीने वरपासून खालपर्यंत सगळे सूर वाजवले आणि पदराने डोळे पुसले. अक्का म्हणाली, “छान.” आणि या वेळी मावशीला ते खरं वाटलं.

कार्यक्रम पुढच्या रविवारी. गुरुवारी दुपारी बाकडी परत खोलीत आणली, पहिली एकत्र तालीम. मुलं बाकड्यांमागे ओळीने बसली, अक्का पियानोवर बसली, मान हलवली आणि सगळ्यांनी एकदम सुरुवात केली.

असा काही आवाज झाला की बस. दोन माणसं एकाच वेळी दोन वेगळ्या गोष्टींवरून भांडत असावीत तसा. मुलं थांबली. अक्का थांबली. आणि सगळी मुलं मावशीच्या तोंडाकडे बघू लागली.

“बाकडी बेसूर आहेत!” मावशी कडाडली. “मी पहिल्या दिवसापासून म्हणत होते, ही खेळणी आहेत, वाद्यं नव्हेत!”

“हो,” अक्का म्हणाली.

मावशीने एका मुलीच्या हातातून हातोडी घेतली आणि एक पातं ठोकलं. मग दुसरं. मग दुसऱ्या बाकावरचं तेच पातं. मग तिसऱ्या. हळूहळू तिचा हात मंदावला. तिचे कान काही साधेसुधे नव्हते, आणि ते तिला जे सांगत होते ते तिला ऐकायचं नव्हतं. सहाही बाकं एकमेकांशी अचूक जुळलेली होती. एक पातं बेसूर नव्हतं. इतकं स्वच्छ काम तिने आयुष्यात फार कमी वेळा ऐकलं होतं. फक्त ती सगळी जुन्या पियानोवर लावलेली होती, अर्धा सूर खाली. शाळेत सगळं जुळलेलं होतं. मावशी येऊन एकट्या पियानोला उचलून वर नेऊन बसली होती.

ती फरशीवरच मटकन बसली.

“अक्का, तुम्हाला माहीत होतं?”

अक्काने मुलांना पाणी प्यायला बाहेर पाठवलं.

शुक्रवारी सकाळी मावशीला मागच्या गल्लीतून घासण्याचा आवाज आला. ती धावत वर्कशॉपमध्ये गेली. वेल्डर एक पातं शिकंज्यात धरून त्याची टोकं घासत होता. टोकं घासली की सूर चढतो. एका बाकाची चौदा पाती घासून झाली होती, हे पंधरावं होतं, लोखंडाचा कीस पायाशी पडला होता.

“अहो, काय करताय!” मावशी किंचाळली.

“तुमच्या पियानोला जुळवतोय,” तो म्हणाला. “दोन दिवसांत सगळी होणार नाहीत, पण बघतो.”

“हे परत खाली येणार नाही!”

“येईल. मधून घासलं की खाली येतं. पातं तेवढं पातळ होतं.” तो परत कानस चालवायला लागला. “तुम्ही गेलात की बघू.”

“मी गेले की म्हणजे?”

वेल्डर तसा भोळा माणूस. त्याने सरळ सांगून टाकलं. “नेहमी तसंच करतो ना आम्ही. पहिले एक पाहुणे आले, त्यांनी मुलांना उभं राहून वाजवायला लावलं. बाकडी उंच केली. ते गेल्यावर परत कापली. एक बाई आल्या, त्यांनी भिंतीवर सगळं रंगवून ठेवलं, मुलं भिंतीकडेच बघत बसायची. मग पांढरा रंग दिला. एवढ्या लांबून माणूस मदतीला येतो, त्याला नाही कसं म्हणायचं? पियानोही उतरवून घेतला असता कुणाकडून तरी. पण या वेळी कार्यक्रम मध्येच आला.”

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नऊ आठवडे! सुजलेलं मनगट, गालावरचा वण, अकरा तारा, आणि ही माणसं तिच्या जाण्याची वाट बघत होती! तिने शिकंजा सोडवला, पातं काढून घेतलं आणि कानस उचलून अवजारांच्या फडताळावर वरच्या कप्प्यात ठेवली. “एकाही पात्याला हात लावायचा नाही,” ती म्हणाली.

“छान,” वेल्डर म्हणाला.

पियानो दोन दिवसांत उतरवणं शक्य नव्हतं. सोडलेल्या तारा लगेच ठरत नाहीत, एक सूर धरला की दुसरा निसटतो. मावशीने सगळे हिशेब मनात करून बघितले आणि शेवटी हात टेकले. कार्यक्रम पियानोशिवाय करायचा. घासलेलं बाक बाजूला ठेवायचं, पाच बाकांमागे दाटीने बसायचं. अक्काने अकरा वर्षं बसवलेली तिची पियानोची साथ गेली. ती म्हणाली, “मी समोर उभी राहून ताल देईन.”

रविवारी दुपारी समितीची चार माणसं आली. अध्यक्षबाई पहिल्या रांगेत, मावशी तिसऱ्या. बंद पियानोवर कुणीतरी पाण्याच्या बाटल्या ठेवल्या होत्या. अख्ख्या खोलीत सुरात लागलेला तो एकटा आणि निरुपयोगी तोच, असं मावशीच्या मनात आलं आणि तिचे ओठ आवळले गेले.

अक्काने हात वर केला. मुलांनी सुरुवात केली आणि चार मात्रांत अडखळली. परत सुरुवात, परत तेच. अध्यक्षबाईंनी शेजाऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. मावशीला वाटलं, झालं काय यांना? शुक्रवार-शनिवार तर बरी वाजवत होती, मी वर्कशॉपच्या बाहेर बसून ऐकत होते. मग तिला दिसलं. एकही मूल अक्काकडे बघत नव्हतं. साठ डोकी जराशी वळलेली, सगळ्यांची नजर तिसऱ्या रांगेत. एकेक सूर वाजवायचा आणि बरोबर आला का, म्हणून तिच्या तोंडाकडे बघायचं. तिने तोंड सरळ ठेवायचा प्रयत्न केला. अठ्ठावन्न वर्षांचं तोंड, ते काय एका दुपारी ऐकणार!

तिसऱ्यांदा अडखळल्यावर मावशी उठली. खुर्चीचा पाय खरडला, अध्यक्षबाईंनी भुवया वर केल्या. मावशी कुणाकडे न बघता शटरखालून बाहेर गेली आणि फुटपाथवर, आतून दिसणार नाही अशा जागी भिंतीला टेकून उभी राहिली.

आत अक्काने फरशीवर पायाने ताल दिला, आणि मुलं वाजवायला लागली. खालच्या सुरात, जुन्या, अर्ध्या सुराने उतरलेल्या. सगळी एकमेकांना ऐकत. एक पाळी थांबली की दुसरी उचलायची, कुठे फट नाही. रस्त्यावरून जाणारी दोन माणसं थांबली. मावशीला रडू आलं, आणि ते कौतुकाचं नव्हतं. स्वतःचा असा राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता.

खोली मिळाली. अध्यक्षबाईंनी तिथल्या तिथे जाहीर केलं, मग बाहेर येऊन मावशीचे दोन्ही हात हातात घेतले. “तुम्ही एवढ्या लांबून आलात आणि मुलांना सूर दिलात. हे सगळं तुमच्यामुळे.”

“अहो, नाही, मी तर...”

“यांच्यामुळेच,” अक्का मागून म्हणाली. संस्थेच्या बाईने फोटो काढला.

सोमवारी सकाळी मावशीने शटर वर केलं तेव्हा अक्का फरशी पुसत होती. मावशी दारातच उभी राहून बोलायला लागली.

“काल तुम्ही खोटं बोललात.”

“पाहुण्यांचं चारचौघांत...”

“चुलीत गेला पाहुणा! नऊ आठवडे छान, छान, छान! तुम्ही पहिला सूर ऐकलात तेव्हाच तुम्हाला कळलं होतं ना? मग एकदा, फक्त एकदा म्हणायचं होतं, बाई, माझ्या पियानोला हात लावू नका! खोली गेली असती, अक्का. नव्वद मुलं त्या कागदावरच राहिली असती. भीड कसली धरलीत? का नाही बोललात?”

अक्काने फडकं बादलीत पिळलं.

“तुम्ही विचारलंत कुठे?” ती म्हणाली. “आलात त्या दिवसापासून तुम्ही आम्हाला सांगत होतात. चालेल ना म्हणालात, ते आणते म्हणाल्यानंतर.”

मावशी आत आली, पियानोवरच्या पाण्याच्या बाटल्या एकेक करून खाली ठेवल्या, आणि स्टुलावर बसली.

“बरं,” ती म्हणाली. “आता विचारते. अजून तीन आठवडे आहेत माझे. काय करू?”

अक्काने तिच्याकडे नीट बघून घेतलं. ही बाई खरंच विचारतेय की नुसतं म्हणतेय, हे तपासत असावी.

“होता तिथे आणून द्या,” ती म्हणाली.

चौतीस वर्षांत मावशीने चांगला लागलेला पियानो कधी उतरवला नव्हता. तिने झाकण उघडलं, किल्ली खुंटीवर बसवली. हात सवयीने नादकाट्याकडे गेला आणि मध्येच थांबला. तो काटा इथे कुणाच्याच कामाचा नव्हता.

“इथे बसा शेजारी,” ती अक्काला म्हणाली. “कुठे थांबायचं ते मला नाही माहीत. तुम्हाला माहीत आहे.”

अक्का हात पुसून शेजारी बसली. मावशीने तार सैल केली आणि सूर वाजवला. तिच्या कानाला तो इतका खुपला की तिने डोळे मिटून घेतले.

“छा...” अक्का सवयीने म्हणायला गेली आणि थांबली. “नाही. अजून खाली.”

मावशीने सैल केली, वाजवला.

“नाही, मावशी. अजून.”

“अहो, अजून किती? याचा पार घसा बसलाय!”

“अजून खाली,” अक्का म्हणाली. तिने आवाज चढवला नाही, पण या वेळी ती हसलीही नाही.

मावशीने दातओठ खात किल्ली आणखी जराशी वळवली, सूर वाजवला आणि विचारलं, “आता?”